इंजिनांना रंग तू द्यायचीस

शालूची माय,

आज बावीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडव सुटला. शेडमध्ये नागझिऱ्याच्या जीपवाल्या प्रकाशचं इंजिन तू झाकून ठेवलं होतंस तसंच पोत्याखाली आहे. शालूला सासरी परत जायचं आहे, पण माझ्याकडे पाहून पोरगी थांबली. काल वही घेऊन आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कोनासंग बोलत नाही, तं आईसंगच बोला. लिहून द्या. इथल्या पेपरात गेलेल्या मानसाले असं लिहिलेलं छापतात." मी म्हटलं, चौथीतून शाळा सोडलेला माणूस काय लिहीन? तं म्हणाली, शुद्धलेखन मी पाहते. मी तिला बजावलं, शुद्ध कर, पण गोड करू नको. एक वाक्यही गोड करू नको.

कारण तू गेल्यापासून लोक माझं बोलणं गोड करूनच ऐकून राहिले. मी हरून गेलो आहे.

तुला सारं माहीत आहे, पण पेपर वाचणाऱ्याला माहीत नाही म्हणून आधी सांगून टाकतो. मी कुडव्याचा इंजिन मिस्त्री. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काम करतो. गोंदिया, तिरोडा, आमगाव, पार नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटपर्यंतचे जीपवाले माझ्याकडे इंजिन आणतात. ते म्हणतात, या म्हाताऱ्याच्या हातचं इंजिन आतूनही नवं आणि वरूनही नवं, आणि त्याचा रंग लोखंड सोडत नाही. आतलं काम माझं आहे, त्यात कोणी खोट काढून दाखवावी. रंग माझा नाही. एकाही इंजिनाचा नाही. अठरा वर्षं तो रंग तू दिलास आणि अठरा वर्षं मी लोकांना सांगितलं की मी देतो.

एवढंच सांगायचं होतं. आणि एवढंच कोणी ऐकून घेत नाही.

आठवते का, सुरुवात भांडणातून झाली. शालूचं लगीन झालं त्या साली गॅरेजच्या मालकाशी माझं वाजलं आणि मी पान्यांची पेटी उचलून घरी आलो. परत बोलवायला माणूस आला तरी गेलो नाही. घरीच पहिलं इंजिन बांधलं. शेवटी गॅरेजमध्ये मारायचो तसा काळा रंग ब्रशानं मारला. तू धुणं वाळत घालता घालता थांबलीस, कंबरेवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "हे रंगवलं का लेपलं जी? खालून तं तेलच दिसून राहिलं."

मी डोक्यातच होतो. म्हटलं, "मोठी आली रंगवनारी. येते तं तूच कर."

आणि तू केलंस. मला वाटलं होतं तू रुसून आत जाशील. तू टॅपेट कव्हर उचललंस, इंजिनाच्या डोक्यावरचं ते झाकण, आणि न्हाणीत नेऊन डिझेलमध्ये बुडवलंस. सकाळी तारेच्या ब्रशानं घासलंस. मग साबणाच्या कढत पाण्यानं धुतलंस, जसं काही पाहुण्याचं ताट आहे. मी पाहून हसत होतो. पानी-पेपर, म्हणजे ओला घासकागद, मारून तू ते असं केलंस की तुझं तोंड त्यात दिसत होतं. तेव्हा माझं हसणं थांबलं.

पुढं तू जे जे बसवलंस ते मी कोणत्याच गॅरेजात पाहिलं नाही. जिथं पॅकिंग बसते त्या कडेला रंग लागला की तिथून तेल गळते. मी म्हणायचो, फडक्यानं पुसून काढू. तू जुना पेपर त्या कडेच्या मापात कापायचीस आणि भाताच्या पेजेनं चिकटवायचीस. वाळला की वरून रंग. नंतर ओल्या फडक्यानं कागद निघून यायचा आणि कड कोरी. बोल्टाच्या भोकांत तू कापसाच्या वाती वळून घालायचीस, देवापुढं लावतेस त्याच. मी म्हटलं, "देवाच्या वाती इंजिनात कायले?" तू म्हणालीस, "देव काय एकट्याचा आहे का? जीपवाल्याचाही आहे."

मग ती कोठी. बापा, ती कोठी. जुनी पत्र्याची कोठी, तिच्यात तारेला टांगलेले रंग वाळलेले पार्ट, आणि खाली धानाचा कोंडा धुमसत ठेवलेला. जाळ नाही, नुसती धग. शेजारच्या कौसल्याबाईच्या दिराच्या राइस मिलमधून कोंडा यायचा. पावसाळ्यात ऊन नसते म्हणून तू ते काढलंस, पण पुढं उन्हाळ्यातही तेच केलंस. कारण त्या धगेतून निघालेला रंग इंजिन कितीही तापलं तरी सुटत नव्हता. कोंडा किती घालायचा, कोठी केव्हा उघडायची, हे तू वासावरून ओळखायचीस. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं मला येत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

पहिलं इंजिन न्यायला आमगावचा एक ट्रॅक्टरवाला आला. त्यानं कव्हरवर बोट फिरवलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, गजब! रंग किसने मारा?"

तू चहा घेऊन दारात उभी होतीस. तुझ्या बोटांच्या पेरांवर चंदेरी रंग होता. मी म्हटलं, "किसने क्या, मैंने."

तू चहाची कपबशी ठेवलीस, बोटं पदरात घेतलीस आणि आत गेलीस. एवढंच. तू त्या दिवशी भांडली असतीस तं बरं झालं असतं. मी चिडलो असतो, आरडलो असतो, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला कदाचित खरं सांगितलं असतं. तू भांडली नाहीस. पुढच्या खेपेला फाटकाशी मोटारसायकल वाजली तशी तू उठलीस, ओला ब्रश माझ्या हातात दिलास, रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसलीस आणि चहा ठेवायला गेलीस. मी ब्रश धरून उभा. कुठं टेकवावा तेही समजत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "चालू द्या, चालू द्या काका, काम थांबवू नका." काय चालू द्या? मी त्या कव्हरवर नुसता हवेत ब्रश फिरवत होतो.

मग ती आपली रीतच झाली. गाडीचा आवाज आला की ब्रश माझ्या हातात. अठरा वर्षांत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. शालू माहेरी आली की तुला पार्ट घासताना पाहायची. मी म्हणायचो, माय मदत करते. तेव्हापासून शालूही तेच म्हणते, आई बाबांना मदत करायची. हा शब्द मीच तिच्या तोंडात घातला. आता काढतो म्हटलं तं निघत नाही.

एकदा मात्र तू बोललीस. मागच्या दिवाळीच्या आधी. आपण अंगणात बसून धान पाखडत होतो, तुझ्या भावानं पाठवलेलं. तू सूप खाली ठेवलंस आणि सहज बोलल्यासारखं म्हणालीस, "एकदा कोनाले तरी सांगा ना जी."

"काय?"

"काय ते तुमाले माहीत आहे."

मी म्हटलं, "लोक काय म्हनतील? बाईच्या हातचं इंजिन कोन घेईन?"

तू हसलीस. "इंजिन तं तुमच्याच हातचं आहे. रंगच तेवढा माझा."

"तोच तं पाहून येतात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग सूप उचललंस आणि पुन्हा पाखडायला लागलीस. त्या दिवशी तू मला जिंकू दिलंस का मी खरंच जिंकलो, हे मला आजही सांगता येत नाही. "हो, तोच पाहून येतात" असं म्हणून मी थांबलो नसतो आणि पुढचं एक वाक्य बोललो असतो तं काय माझी मिशी गळून पडली असती?

पोळ्यानंतर आठव्या दिवशी तू सकाळी म्हणालीस, छातीत जड वाटते, टॅपेट कव्हरचं उद्या पाहू. प्रकाशच्या जीपचं इंजिन होतं. पावसात जंगल बंद असते तेवढ्यात काम करून द्यायचं होतं. गेट उघडलं की त्याला पाहुणे फिरवायचे. मी म्हटलं, "आज झालं असतं तं बरं झालं असतं. तो डोक्यावर बसला आहे." हे माझं तुझ्याशी शेवटचं धड बोलणं. त्याच्यानंतर रिक्षा, दवाखाना, आणि तिथं तुझ्या नाकातोंडाला लावलेलं ते. मी सारखा तुझी बोटं पाहत होतो. नखांच्या कडेला रंग होता. नर्सबाईनं विचारलं, "हे काय लागलंय यांना?" मी तिथंही सांगितलं नाही. म्हटलं, घरी रंगकाम चालू आहे.

म्हणून तेरवीला मी ठरवलं. मांडवात दोनशे माणूस बसलेलं. एक रिटायर गुरुजी श्रद्धांजलीचं बोलत होते, माय अन्नपूर्णा होती, आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. चहा! मी उठलो. म्हटलं, "गुरुजी, थांबा. मले सांगाचं आहे. मी ज्याच्यावर नाव कमावलं तो इंजिनाचा रंग माझा नाही. हिचा होता. मी अठरा वर्षं खोटं बोललो."

मला वाटलं, आता कोणी तरी म्हणेल, असं काऊन केलं बुढ्या? कोणी तरी मला शिव्या दिल्या असत्या तं मी त्याचे पाय धरले असते. गुरुजींनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माइकवर म्हणाले, "पाहा, याला म्हणतात जोडीदार. आपलं सारं मोठेपण आज यांनी तिच्या पायाशी वाहून टाकलं."

बायका रडायला लागल्या. मी ओरडलो, "वाहिलं नाही गुरुजी! तिचंच होतं! खरं सांगून राहिलो!"

प्रकाश धावत आला, मला धरून खाली बसवलं. "काका, बस करा. रडवता काय साऱ्याले?" कोणी पाणी आणलं. कोणी पाठीवर हात फिरवला. तुझा भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "जवाईबुवा, बाई भाग्यवान होती." शालू, तू आता हे वाचून राहिली आहेस, तूही तेव्हा माझा खांदा दाबून म्हणाली होतीस, "कळते बाबा, आईनं मदत केलीच ना." त्या दिवसापासून माझी इज्जत वाढली आहे, शालूची माय. रस्त्यानं गेलो की माणसं हात जोडतात. बायकोवर असं प्रेम पाहिलं नाही म्हणतात. मी खरं बोललो आणि त्यानंही माझंच नाव मोठं झालं.

मग मी म्हटलं, तोंडावर विश्वास नाही ना, कामावर ठेवतील. प्रकाशचं टॅपेट कव्हर मी स्वतः रंगवीन. लोक पाहतील आणि समजतील.

शालू घरी भात शिजवते तेव्हा पेज काढते. तिनं वाटीत ठेवली होती, मी ती घेतली. तुझ्यासारखाच कागद कापला. वाकडा कापला, पण कापला. चिकटवला. वाती वळल्या, त्या सुटून सुटून जायच्या. प्रायमर मारला, रंग मारला, दोन दिवस ठेवला. मग कोठीत टांगून कोंडा पेटवला. वास घेत बसलो. मला नुसता धूर येत होता. तुला त्या धुरात काय समजायचं?

कोठी उघडली तं रंगाला फोड आले होते, पापडाला येतात तसे. कागद ओला करून काढला तं खाली कोरी कड नाही, सारा गंज. लाल. जिथं जिथं कागद होता तिथं तिथं लोखंड खाल्लेलं. मी शालूला बोलावलं. ती पाहून म्हणाली, "बाबा, पेज कोनती घेतली? वाटीतली? तिच्यात मी तुमच्यासाठी मीठ टाकलं होतं. तुम्ही काही खात नाही म्हनून प्यायले ठेवली होती."

मीठ. मी पोटासाठी ठेवलेली पेज लोखंडाला लावली. तू मीठ घालायच्या आधीच आपली वाटी वेगळी काढत असशील. अठरा वर्षं रोज माझ्या डोळ्यांपुढं ती वाटी चुलीजवळ झाकलेली असायची आणि मी कधी विचारलं नाही की ही वेगळी काऊन.

पण मनात म्हटलं, चांगलं झालं. आता पुरावा झाला. प्रकाशला बोलावलं. त्याच्या पुढं ते कव्हर ठेवलं आणि म्हटलं, "हे माझं काम. पाहून घे. आता तं समजलं ना?"

प्रकाशनं ते हातात घेतलं. फोडांवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "समजलं काका. मन थाऱ्यावर नाही तं हात कसा चालेल? सालभरात हात परत येते."

"हात येत नाही बे! कधी नव्हताच!"

"बरं काका. नव्हता."

लहान पोराला म्हणतात तसं म्हणाला तो. बरं, नव्हता. गंज घासायलाही देईना. गेट उघडायला चार दिवस आहेत, दुसऱ्याकडून काम करून घे म्हटलं तं ऐकेना. "जसं आहे तसं लावतो, तुमच्या हातचं आहे," म्हणून ते फोडाचं झाकण पोत्यात गुंडाळून घेऊन गेला, इंजिन परवा टेम्पोनं नेतो म्हणाला. आता गेटवरचे सारे ते पाहतील आणि माझ्यासाठी हळहळतील.

मग एकच माणूस उरलं. कौसल्याबाई. तिच्या मागच्या अंगणातून आपली कोठी दिसते, कोंडा तिच्या हातानं यायचा, तुझ्यासोबत बसून तिनं कागद कापलेले आहेत. तेरवीला ती मागं बसली होती आणि मी बोललो तेव्हा तिनं मान खाली घातली, हे मी पाहिलं होतं. काल सकाळी मी भिंतीजवळ गेलो. म्हटलं, "बाई, तुमाले तं सारं माहीत आहे. त्या दिवशी काऊन नाही बोलल्या? तुम्ही एक बोलल्या असत्या तं लोकांनी मानलं असतं."

ती भांडी घासत होती. वर पाहिलं नाही. म्हणाली, "मी बोलू शकत नाही भाऊजी."

"काऊन?"

"तुमच्या बाईनं शपथ घातली आहे. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून. म्हने, यांचं नाव आहे, ते राहू दे. मी आधी गेली तरी कोनाले सांगजो नको. मानूस मग मान वर करून चालनार नाही."

मी भिंत धरली. म्हणजे तू हेही करून ठेवलं होतंस. ब्रश माझ्या हातात देऊन आत जायचीस, तशीच.

म्हटलं, "मी सांगतो ना. ज्याच्यासाठी घातली तोच सांगून राहिला. मोडा शपथ."

"तुम्ही घातली असती तं तुम्ही सोडवली असती. तिची आहे. तिनं 'सुटली' म्हनलं पाहिजे."

"ती कशी म्हनेल आता?"

कौसल्याबाईनं हातातलं भांडं पालथं ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. मी तिथंच उभा राहून, म्हातारा माणूस, चार घरांतून लोक पाहत असताना, मोठ्यानं म्हटलं, "सुटली! सुटली बाई, तिच्याकडून मी सांगतो, सुटली!" ती मान हलवत राहिली. म्हणाली, "तुमच्या तोंडानं नाही सुटत भाऊजी."

तुझं सारं काम अठरा वर्षं माझ्या तोंडानं चाललं. गिऱ्हाइकाला, गुरुजीला, दवाखान्यातल्या नर्सला. हा एक शब्द चालत नाही.

शालू हे शुद्ध करून देणार आहे. छापून आलं की लोक वाचतील आणि पुन्हा डोळे पुसतील, मला माहीत आहे. कौसल्याबाईलाही मी वाचून दाखवीन. ती ऐकेल आणि चूप राहील, कारण ती तुझ्या शब्दाची आहे, माझ्यासारखी नाही. मी आयुष्यभर कोणासमोर वाकलो नाही, गॅरेजच्या मालकासमोर नाही, तुझ्यासमोर तं नाहीच. आता वाकतो. शालूची माय, कसं करून म्हणशील मला समजत नाही, पण त्या बाईला तेवढं एकदा म्हण. सुटली म्हण.